वर्षभर पुरेल अशी पोथी

५ फेब्रुवारी, सोमवार
पुन्हा तेच! "वर्षश्राद्ध होईस्तोवर घराबाहेर पडायचं न्हाय," सासूबाई म्हणाल्या. सासरे मान खाली घालून जेवत राहिले. गोदामाच्या ऑफिसात माझी जागा मार्चपर्यंतच ठेवणार आहेत, हे सांगितलं. कुणी ऐकलं नाही. हितेश गेल्यापासून या घरात त्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही. मी तरी कुठे घेते? खिडकीतून दिवसभर कंटेनर दिसतात. वळगावातून बाहेर जाणारे तेवढेच.

७ फेब्रुवारी
हितेशची पुस्तकं काढली. एकाच लेखकाच्या सात कादंबऱ्या, एकेक उशीएवढी. खाडीच्या तळाशी राहणारे राक्षस, सावल्यांचे कळप राखणारी माणसं – असलं काहीतरी. "एक तरी वाच गं," तो सारखा म्हणायचा. मी कधी हात लावला नाही. सातव्यात त्याने पान दुमडून ठेवलंय. तो थांबला तिथूनच सुरू केलं. काही कळेना! कोण कुणाची सावली, कोण कुणाचा वैरी!

८ फेब्रुवारी
भाविकला फोन केला. हितेशचा मित्र, दोघं ही पुस्तकं वाचून वाद घालायचे. "वहिनी, सातवं? तेही मधूनच? अहो, चौथ्यापासून करा. पहिलं तर हातातच घेऊ नका, तेव्हा त्या लेखकाला लिहिताच येत नव्हतं!" मोबाईलवर शोधलं. कुठून सुरुवात करायची यावरून तिथेही लोक भांडतायत. कुणी म्हणतं दुसरं आधी, कुणी म्हणतं पाचवं.

१० फेब्रुवारी
चौथं घेतलं. डोक्यात शिरत नव्हतं म्हणून मोठ्याने वाचत होते. सासूबाई दारात येऊन उभ्या.
"पोथी हाय का?"
हितेशच्या दहाव्यापर्यंत बुवा रोज संध्याकाळी गरुडपुराण वाचायचे. त्यांना तसंच वाटलं असणार. माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.
"मंग मधनंच काय वाचतेस, हेमाली? पोथी पयल्या पानापासनं वाचायची."
आणि हात जोडून खाली बसल्या! झालं. पहिल्या भागापासून सुरुवात. भाविकला सांगायची सोय नाही.

१४ फेब्रुवारी
आता शेजारच्या राहीबाईही येतात. दिवा, उदबत्ती, सगळं. मी राक्षसाच्या लग्नाचं वाचते आणि त्या "हरी हरी" म्हणतात.
"ह्यो देव कोनचा गो?" त्यांनी विचारलं.
सासूबाईच म्हणाल्या, "गप ऐक. देव मागनं येतो."
ओढणी तोंडात कोंबून बसले. किती दिवसांनी हसू आलं! मग लगेच वाईट वाटलं.

२० फेब्रुवारी
ऑफिसातून फोन. येताय की दुसरी मुलगी घेऊ? सासूबाईंनी ऐकलं. "पोथी अर्धी टाकून कुठं जातेस?" – एवढंच.
मीच स्वतःला बांधून घेतलं. पहिलाच भाग अजून अर्धा व्हायचाय, पुढे सहा बाकी. वर्ष आरामात पुरेल! खरं सांगावं तर – दुखवट्याच्या घरात पोथीचं खोटं बोलले, हे कोणत्या तोंडाने सांगू?

२२ फेब्रुवारी
वाचलं. जेवले. पडून राहिले.

२७ फेब्रुवारी
पहिल्या भागात सावल्या राखणारा पोरगा मरतो. त्याची आई किनाऱ्यावर वाट बघत बसलेली. माझी नजर ओळीच्या पुढे गेली म्हणून आधीच कळलं. पानं एकदम उलटली आणि राक्षसाच्या वाड्यापासून पुढे वाचत सुटले. राहीबाईंना काही समजलं नाही. सासूबाई वातीकडे बघत होत्या.

१ मार्च, शुक्रवार
दुपारी दोघीच होतो. सासूबाई म्हणाल्या, "मागं जा. तो पोरगा मरतो ते वाच."
"पण पोथीत..." मी म्हटलं.
"पोथी कुठली गो! पयल्या दिवशीच कळलं मला. मी भाकऱ्या थापायचे तवा हितेश ह्येच तर सांगत बसायचा. पर सगळं संपेस्तोवर तरी तू घरात ऱ्हाशील, म्हून गप बसले."
वाचलं. दोघी रडलो. मग डोळे पुसत म्हणाल्या, "सोमवारी ड्युटीवर जा. तुझ्या सासऱ्याला मी सांगते. पुस्तकं मात्र हितंच ठेव – म्हंजे परत येशील."