दुधातली पुडी

९ जानेवारी
नाही म्हणजे नाहीच! हाडांसाठी आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या हिने माझ्यासमोर केराच्या डब्यात टाकल्या. "मी काय भिंत आहे, चुना लावायला?" वर हसतेय!

मला हसू येईना. अक्का डोळ्यांसमोर आली. माझी थोरली बहीण. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. अक्का गेली तेव्हा जेवढी होती तेवढं हिचं वय आता. आणि ही बाई दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसते, संध्याकाळी स्टुलावर चढून माळ्यावरचे कापडाचे गठ्ठे ओढते. मी ओरडलो. म्हणाली, "जन्मभर गॅरेजात पोरांवर ओरडलात, आता मी सापडले."

ती अंथरुणाला खिळली तर मी काय करू? मला साधी खिचडी येत नाही. खिचडीचं मरो — मला तिच्याशिवाय राहताच येत नाही.

१२ जानेवारी
जमलं! औषधाच्या दुकानात व्हिटॅमिन डीची पुडी मिळाली. दुधात विरघळते. "आठवड्याला एकच हं, काका. आणि डॉक्टरांना विचारून," दुकानदार म्हणाला. आठवड्याला एक? चिमणीला दाणे टाकल्यासारखं! कंपनीवाले हात राखूनच लिहितात. संध्याकाळचं दूध हिला मीच देतो. रोज एक घालणार. दोन-तीन दुकानांतून थोड्या थोड्या आणल्या, म्हणजे कुणी चौकशा करायला नको.

कॅल्शियमच्या गोळ्याही नव्या आणल्या. बत्त्याने कुटायच्या आणि त्यातच टाकायच्या.

१३ जानेवारी
"दूध आज खरखरीत लागतंय." म्हटलं, साखर विरघळली नसेल. प्यायली!

१७ फेब्रुवारी
हिला सारखी तहान. मशीनशेजारी बाटली ठेवते, भरते, संपवते, पुन्हा भरते. पोट साफ होत नाही. जेवणावरून मन उडालंय. "वय झालं हो," म्हणते. हे असलं बोलणं हिच्या तोंडी कधी नव्हतं.

अंगात ताकदच उरलेली नाही तिच्या. बरं झालं मी वेळेवर सुरू केलं ते. आजपासून सकाळच्या चहातही थोडं.

२ मार्च
गिऱ्हाइकाचा झगा चुकीचा कापला. हिने! कापड हातात घेऊन बसून राहिली, मग म्हणाली, "मला कळतच नाहीये कुठून सुरुवात करायची." आणि रडली. लेकीचा फोन आला तर तीही तेच, "बाबा, आई विसरायला लागलीय का?" मी तिच्यावरच खेकसलो.

११ मार्च
पडली. स्टुलावरून नाही, ओल्या फरशीवर नाही. चांगली उभी होती, सपाट जमिनीवर तोल गेला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालताना एकच विचारत होती, "कात्री कशी धरू आता?"

हेच होऊ नये म्हणून तर सगळं केलं ना मी! मग?

१२ मार्च
रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलंय. हिला ठेवून घेतलं, सलाइन लावलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण नजर धारदार. "घरी कुठल्या गोळ्या, पुड्या, काही घेता का?"

ही म्हणाली, "छे हो! यांनी आणल्या होत्या, मी टाकून दिल्या. विचारा यांना."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "हो. टाकून दिल्या."

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "मग दुसरं कारण शोधायला हवं. शरीरात कुठे गाठबीठ नाही ना, ते बघू." गाठ! आणि मी गाढवासारखी मान डोलावली.

१३ मार्च
इंजिनात तेल खुणेच्या वर भरलं की सील फाटतात. हे पोरांना बोंबलून बोंबलून मीच शिकवायचो. एकाला तर कानाखाली द्यायची बाकी ठेवली होती. आणि घरी काय केलं?

ही म्हणते, "काय झालंय ते लपवू नका माझ्यापासून. मशीन लेकीला द्या. निळं रेशमी कापड तिच्यासाठीच ठेवलंय." सगळी निरवानिरव चाललीय! सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नर्स आली. नर्सचं निमित्त, दुसरं काय. मी भित्रा आहे.

१४ मार्च
आज तिला त्या मोठ्या मशीनमध्ये घालून अंगभर तपासायचं होतं. चाकाच्या खुर्चीत बसवलं तर माझी बाही सोडेना. "मला भीती वाटते हो."

आता बस! तसाच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरलो आणि सगळं ओकून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आठवड्याची पुडी रोज? वर चहात पण?"

"हाडं पक्की व्हावीत म्हणून हो."

"अहो काका, ती एवढी दिली की माणूस उलट जास्त पडतो!"

तपासणी तूर्त थांबवली. सगळं बंद करायचं, कॅल्शियम हळूहळू उतरेल, डोकंही ताळ्यावर येईल म्हणाल्या. "पण त्यांना सांगायचं तुम्ही. मी सांगणार नाही."

सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "चहात पण?" एवढंच विचारलं.

"चहात पण."

२६ मार्च
घरी आली. रक्त ठीक, तहान गेली, डोळ्यांत पुन्हा पहिली चमक आलीय. लेक राहायला आलीय, माझ्याशी कामापुरतं बोलते.

संध्याकाळी हिच्यासमोर दूध तापवलं, हिच्यासमोर पेल्यात ओतलं. साधं! नुसतं दूध! हात लावला नाही. साय धरली त्यावर.

मग म्हणाली, "अक्कांचं मला कळतं. तुम्ही घाबरलात, तेही कळतं. पण मला वेड लागतंय असं वाटून मी रडत होते, तेव्हा तुम्ही समोर बसला होतात."

पेला उचलून मोरीत ओतला.

९ एप्रिल
शिलाई मशीन सकाळी टेम्पोतून लेकीकडे गेलं. दुपारी ही निघाली. प्लास्टरचा हात गळ्यात, डाव्या हातात पिशवी. "हात धरतो," म्हटलं. "नको," म्हणाली. "परत कधी?" विचारलं, तर चप्पल घालत राहिली.

जिना एकटी उतरली. कुठेही अडखळली नाही.