गाडीत लागणारी श्रुतिका

१२ जानेवारी

अण्णा आले! एवढीशी बॅग. ट्रान्झिस्टर खरंच मिरजेला ठेवून आलेत. मीच फोनवर तोरा मिरवला होता — तो डबा कशाला आणता, आमच्या गाडीत सॅटेलाइट रेडिओ आहे, सांगली आकाशवाणीसुद्धा ऐकाल! गाडी सेकंडहँड, अमेरिकेतून आलेली, पण माझ्या पसंतीची. विकणारा म्हणालाच होता, "मॅडम, पूरी दुनिया सुनाई देगी." मी स्वतः कधी लावून पाहिला नाही. गाडीत मी फोनवरच असते.

सासूबाई गेल्यापासून अण्णा एकटेच. आवडलं तर आता इथेच आखातात राहा, असं मी आणि त्यांच्या लेकाने, अंकुरने सांगितलंय. "बघू," म्हणाले.

१५ जानेवारी

जेएलटीच्या टॉवरमधलं हे घर दोघांना मोठं, चौघांना लहान. हॉल म्हणजे माझं ऑफिस आणि हॉल म्हणजेच अण्णांची खोली. आज क्लायंटचा कॉल ऐन रंगात आणि अण्णांनी मोठ्याने रामरक्षा सुरू केली. मी हातानेच गप्प केलं. थोड्या वेळाने म्हणाले, "मुग्धा, गाडीची किल्ली देतेस? खाली जाऊन रेडिओ ऐकतो." सुटले बाई!

२० जानेवारी

आता रोज जेवण झालं की किल्ली घेऊन बेसमेंटला. चहाला वर येतात तेव्हा स्वारी खुशीत. एक श्रुतिका लागते म्हणे, रोज एक भाग. एक म्हातारा चुकून भलत्याच घरी पाहुणा म्हणून उतरतो. घरातले सगळे इतके कामात, की प्रत्येकाला वाटतं हा दुसऱ्या कुणाचा तरी पाहुणा असणार! आमची लेक शुभ्रा हसून हसून लोळली. "आजोबा, दॅट्स सो सिली!" मी मेल लिहिता लिहिता "हो का? हो का?" करत होते.

२७ जानेवारी

पाहुणा आज त्या घरातल्या कुंड्यांना पाणी घालायला लागला म्हणे. पुढचं ऐकलं नाही, कॉल आला.

३ फेब्रुवारी

गाडी सुरूच होईना! तिकडे ऊद मेथा भागात शुभ्राच्या शाळेत बाई वाट बघतायत, तिथून ऑफिसात प्रेझेंटेशन, आणि गाडी ढिम्म. बॅटरीवाला अर्सलान आला, झाकण उघडलं, म्हणाला, "खलास, मॅडम. गाडी बंद करके कोई अंदर बैठता है क्या?" शाळाही गेली, प्रेझेंटेशनही गेलं. वर आले ती तणतणतच. "एवढा कसला हो सोस रेडिओचा! लहान मुलासारखं!" असं बोलले. सासऱ्यांना!

अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले. माझ्यासमोर! "चुकलं माझं," म्हणाले.

तिथे तरी मी थांबायला हवं होतं. बॅटरीवरून आणखी चार वाक्यं बोलले.

६ फेब्रुवारी

अण्णांनी अंकुरकडून तिकीट अलीकडचं करून घेतलं. मिरजेत नळाचं काम निघालंय म्हणे. मी "राहा ना, अण्णा" म्हटलं. पण इतक्या हळू, की मलाच धड ऐकू आलं नाही. अंकुर माझ्याशी कामापुरतं बोलतोय.

९ फेब्रुवारी

अण्णांना विमानतळावर सोडून आलो. जाताना शुभ्राला पोटाशी धरलं, मला म्हणाले, "जेवत जा वेळेवर." बस, एवढंच.

परत येताना गाडीत कुणी बोलेना. म्हणून मी रेडिओचं बटण दाबलं, पहिल्यांदाच. म्हटलं, ती श्रुतिका तरी ऐकू. पडद्यावर एकच ओळ — सिग्नल शोधत आहे. शेख झायेद रोडवर कितीतरी पुढे आलो तरी शोधतोच आहे.

"तो इथे लागत नाही," अंकुर म्हणाला. "अमेरिकेपुरताच असतो."

"अण्णांना तर रोज लागत होता!"

"नव्हता गं. पहिल्या दिवशीच त्यांना कळलं, मला विचारलं. मी तुला सांगणार होतो तर म्हणाले, नको, हौसेने घेतलीय तिने गाडी. आणि तिचे कॉल असतात, मी आपला खाली बरा."

खाली! तिथे मोबाइलची रेंजसुद्धा जाते, हे मला माहीत होतं. मग रेडिओ कसा लागेल, एवढं डोक्यात येऊ नये? आतला दिवा लावून नुसते बसून राहायचे. तेवढ्याने बॅटरी उतरली.

आणि ती श्रुतिका? भलत्या घरचा पाहुणा! रोज चहाबरोबर माझ्यासमोर बसून सांगत होते आणि मी — हो का, हो का. माझी मलाच लाज वाटते. आपल्या घरात आपल्या माणसाला मी बसायला जागा दिली नाही. रडू आवरत नाही.

११ फेब्रुवारी

अण्णांना फोन केला. माफीची वाक्यं पाठ केली होती. तोंडातून भलतंच आलं — "अण्णा, त्या पाहुण्याचं शेवटी काय झालं हो? घरच्यांनी ओळखलं का त्याला?"

मागे त्यांचा ट्रान्झिस्टर चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"इथे नाही गं लागत ती," म्हणाले. "तिथल्याच रेडिओवर लागते."