इतिवृत्तातील ‘पूर्ण बरी’ या नोंदीबाबत

प्रति,
मा. सचिव,
अर्थसंकल्प समिती,
विधिमंडळ सचिवालय.

विषय : माझ्याविषयीची नोंद दुरुस्त करून मला पुन्हा बोलू देण्याबाबत.
संदर्भ : मानसिक आरोग्य निधीवरील सुनावणी, साक्षीदार क्रमांक सात (ती मीच).

महोदय,

१. मी दहावीत शिकते. वर्षभर मी वर्गात तोंड उघडत नव्हते. हजेरीलाही नुसता हात वर. मग आमच्या वस्तीतल्या संस्थेच्या समुपदेशन केंद्रात जाऊ लागले. आता मला गप्प कसे करावे, हा घरच्यांपुढचा प्रश्न आहे. म्हणूनच केंद्राचा निधी चालू राहावा, हे सांगायला संस्थेने मला समितीपुढे पाठवले.

२. संस्थेच्या ताईंनी भाषण बसवून घेतले. “रडगाणं नको गं, सदस्यांना यश दाखव,” असे त्या म्हणाल्या. मी दाखवले. खणखणीत आवाजात, कागद न बघता. अध्यक्षांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. इतिवृत्तात मात्र असे आले : ‘लाभार्थी पूर्ण बरी झाली असून केंद्राचा हेतू साध्य झाला आहे. सबब निधी थांबवण्यास हरकत नसावी.’ म्हणजे मी इतकी छान बोलले की केंद्रच बंद पडते आहे. ताई म्हणतात, चूक त्यांची. पण टाळ्या तर मी घेतल्या ना!

३. वेळेत बसेना म्हणून भाषणातला एक परिच्छेद गाळला होता. तो बाबांचा. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, म्हणजे करायचे. त्यांच्या डोळ्यांदेखत सोबतचा कारागीर वरून पडला. तेव्हापासून हत्यारांची पिशवी दाराशी आणि बाबा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. केंद्राचे नाव काढले की “मी काय वेडा आहे का तिथे जायला?” हे आठ महिने ऐकले. मग मी भाषणाची तालीम करत असताना बाबा स्वतःहून म्हणाले, “तुझ्या केंद्रातल्या मॅडमना विचार, माझ्यासारख्याला बसवतील का?” बावीस तारखेची वेळ मिळाली आहे. निधी थांबला तर केंद्र वीस तारखेलाच बंद होणार.

४. ‘पूर्ण’ हा शब्द मी उच्चारलेला नाही, ध्वनिमुद्रण ऐकावे. मी बरी होते आहे, एवढेच. त्या दिवशीही माइकमागे माझे हात बर्फासारखे गार होते. कृपया हेही नोंदवावे.

५. सबब, शुक्रवारच्या मतदानाआधी मला पुन्हा बोलवावे. तीन मिनिटे नसतील तर एक चालेल, बाबांचा परिच्छेद तेवढाच आहे. तेही नसेल, तर तो कोणीतरी मोठ्याने वाचावा. टाळ्या नकोत.

आपली नम्र आणि अजून पूर्ण बरी न झालेली,
साक्षीदार क्रमांक सात
दिनांक : ११ मार्च

सोबत :
१) गाळलेला परिच्छेद.
२) बाबांच्या वेळेची चिठ्ठी (झेरॉक्स. मूळ चिठ्ठी ते खिशातून काढू देत नाहीत).

पालकाची सही : बाबांनी वाचून केली आहे. मी ‘वेडा’ हा शब्द खोडायला निघाले होते. बाबा म्हणाले, “राहू दे. मीच म्हणालो होतो.”