चष्मेवाल्या ताईंचं शहर

प्रिय दादा,

आई आणि आत्या सुखरूप पोचल्याचं कळलं. आत्याचे गुडघे धरलेत म्हणे. त्याचं खापर ती माझ्यावर फोडेल, पण तिचं ऐकू नकोस. मनोऱ्याच्या दोनशे बारा पायऱ्या तीच सगळ्यांच्या पुढे चढली.

तुला हसू येईल, पण इथं नऊ वर्षं काढूनही मी त्या मनोऱ्यावर कधी गेले नव्हते. चष्म्याचं दुकान आणि खोली, खोली आणि दुकान, संपलं शहर! पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत दोघींना नदीवर नेलं आणि भलत्याच होडीत बसवलं. उतरलो तर समोर सिमेंटचं गोदाम. आत्या म्हणाली, "नऊ वर्षांत हिनं एवढंच शोधलं होय?" आई पोट धरधरून हसली. बाबा गेल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलंच नव्हतं रे.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाला सुट्टी. परत फिरणार, तोच पहारेकरी "चष्मेवाल्या ताई!" करत धावत आला. त्याची भिंगं जमेपर्यंत मी तीनदा बदलून दिली होती, ते तो विसरला नव्हता. फाटक उघडून त्यानं आतली बाग दाखवली. मग काय, बसचा वाहक, फळवाली, टपाल वाटणारी बाई, जो तो थांबून बोलायला लागला. आत्या प्रत्येकाच्या नाकाकडे बोट करून विचारायची, "हाही तुझाच का गं?"

मनोऱ्यावर मात्र मीच बोलत सुटले. ते आमच्या दुकानाचं हिरवं छप्पर, ती शाळा, तिथं मी पोरांचे डोळे तपासते, आणि तो जिना, पाय मुरगळला तेव्हा शेजारणीनं मला पाठीवर घेऊन चढवलं तो. आई माझ्या बोटाच्या दिशेनं एकेक जागा बघत होती. मग म्हणाली, "फोनवर तर म्हणायचीस, इथं मला कुत्रंही विचारत नाही." इथं माझं लग्न मोडलं, त्याचा राग मी या शहरावर काढत होते, हे मलाच तेव्हा उमगलं.

दादा, माझं सामान बांधून मला घेऊन यायला तूच दोघींना धाडलंस. शेवटच्या दिवशी सकाळी उठले, तर आई बांधलेली खोकी सोडून भांडी परत फळीवर लावत होती. मला इथंच राहायचंय, हे मी तिला एका शब्दानंही सांगितलं नव्हतं. म्हणाली, "दादाला तूच कळव. मी सांगितलं तर घर डोक्यावर घेईल." म्हणून हे पत्र. मी कायमची येत नाही रे. तू माझ्यासाठी वरची खोली रंगवलीस, वहिनीनं पडदे शिवले, ते ऐकून डोळे भरून आले. पुढच्या महिन्यात आठ दिवस पाहुणी म्हणून येते. त्याच खोलीत मला झोपव, हवं तेवढं रागाव, आणि निघताना मात्र अडवू नकोस.

तुझीच हट्टी,
धाकटी