बँडसाठी लिहिलेली ‘कुकडी’

पुणे, ८ जानेवारी १९९७

ती. आबांस, प्रबुद्धचा सादर जयभीम. वि. वि.

मी खुशाल आहे. आईचा गुडघा कसा आहे, कळवावं. मी आमच्या लष्करी बँडसाठी एक रचना लिहिली आहे. सिनेमातली चाल नव्हे. चाळीस वादकांसाठी अकरा मिनिटांचं नवं संगीत. नाव ठेवलंय ‘कुकडी’, आपल्या नदीचं. दोन फेब्रुवारीला, रविवारी सकाळी सभागृहात वाजणार. बँडमास्तर म्हणतात, मधला संथ भाग काढ, लोक कंटाळतील. मी अजून काढलेला नाही. आपण दोघांनी यावं. मी भरती होऊन चार वर्षं झाली, आपण मला एकदाही ऐकलं नाही.

रागावलात तरी माया असू द्यावी.
आपला प्रबुद्ध

राजुरी, १५ जानेवारी

चि. प्रबुद्धास अनेक आशीर्वाद आणि जयभीम. आबा सांगतायत, मी स्नेहा लिहितेय.

आईचा गुडघा बरा हाय. मी येनार न्हाई. तीस वर्सं नवरदेवाच्या घोड्याम्होरं क्लॅरनेट फुंकलं. जेवन गोठ्यामागं. आमच्या ढोलवाल्या हौशीरामानं एकदा मांडवात पानी मागितलं, तर वरनं ओंजळीत ओतलं. तवाच ठरवलं, माजा पोरगा बँडचा डगला घालनार न्हाई. तू शिकलास आन् त्योच घातलास.

जिवाला जप.
तुजा आबा

दादा, एवढं सांगून झाल्यावर आबांनी मला दोनदा विचारलं, चाळीस जण एकदम कसे वाजवतात म्हणून. — स्नेहा

पुणे, २० जानेवारी

ती. आबांस सादर जयभीम. वि. वि.

तो मधला भाग तुमचा आहे. वरातीवरून आलात की ओट्यावर बसून तुम्ही थोडा वेळ आपल्यापुरतं वाजवायचात. त्या चालीला नाव नव्हतं. आई म्हणायची, थकवा काढतायत. तेच आठवून मी एकट्या क्लॅरनेटसाठी लिहिलं. बाकीचे एकोणचाळीस जण तेव्हा गप्प असतात. मास्तरांना काल हे सांगितलं. ते म्हणाले, ठेव. पण लोक उठून गेले तर जबाबदारी तुझी. मी ती घेतली आहे.

वाट पाहतो.
आपला प्रबुद्ध

राजुरी, ५ फेब्रुवारी

चि. प्रबुद्धास अनेक आशीर्वाद आणि जयभीम. स्नेहाकडूनच लिहवतो.

तुजं वाजवनं ऐकून पुन्याहून एसटीनं सुखरूप पोचलो. तिथं गर्दीत काय बोलता आलं न्हाई. त्यो संथ भाग लागला आन् हॉलात कुनी हाललं न्हाई. नाचलं न्हाई, बोललं न्हाई. मला वाटलं, मास्तर म्हनला तसंच झालं. तुज्या आईनं माजा हात धरला, तवा ध्यानात आलं, लोक ऐकत्यात. मानसं नुस्ती बसून ऐकत्यात, हे मी आजवर पायलं न्हवतं. छापल्या कागदावर तुज्या नावात माजंबी नाव हाय. आई त्यो कागद कुनाच्या हाती देत न्हाई.

एक चूक हाय. तुमचा क्लॅरनेटवाला लई गुनी, पन मधीच दम घेतो. तिथं सूर तुटतो. त्याला येत्या रविवारी राजुरीला घिऊन ये. दम कुटं घ्यायचा, ते मी वाजवून दावतो.

तुजा आबा,
पोपट