काठी आली, डावा पाय गेला

४ मे १९९७, रविवार

माझ्या तोंडाला कुलूप पाहिजे! आज गावसभेत मीच ओरडले आणि मीच फसले.

एक तोपिल, म्हणजे गावाचा काठीवाला शिपाई, शिडीवरून पडला, पाय मोडला. उरलेलं वर्ष त्याची काठी कोणी धरायची, एवढाच प्रश्न. त्यासाठी सकाळपासून बसलो ते दुपार टळली. खरं आहे, कोणाला हवी ती काठी? पगार नाही. दर रविवारी, दर सणाला चावडीसमोर उभं राहा, निरोप पोचवा, दारुडे उचलून कोठडीत टाका. वर वर्षभर गाव सोडायचं नाही. आज एकेकाला कंबरदुखी काय आठवली, म्हैस काय व्यायली! माझा घेवडा तिकडे चुलीवर.

मी उठले. "सातुर्निनोच्या घराला द्या की! नऊ वर्षं सीमेपलीकडे उत्तरेत बसलाय, गावाचं एक काम केलं नाही. लावू दे पदरच्या पैशाने माणूस!"

टाळ्या! मला वाटलं, बसला मेव्हण्याला चिमटा.

तर सरपंच तिबुर्सिओ म्हणतो, "माणूस कशाला लावायचा? घरात पुरुष आहे. फिदेन्सिओला पंधरावं संपलं ना?"

फिदेन्सिओ! सातुर्निनोचं आणि माझ्या बहिणीचं पोर. ती वारल्यापासून मीच वाढवलेलं. शाळेची अख्खी टीम ज्याच्या डाव्या पायावर उभी आहे, ते पोर. आणि सामने सगळे रविवारी!

मी तोंड उघडेपर्यंत हात वर झालेसुद्धा.

घेवडा करपला.

६ मे

शाळेच्या फाटकाशी मक्याचे वाफवलेले तमाल विकत होते. ओदिलोन मास्तर आला – गणित शिकवतो आणि फुटबॉलही तोच. डोळे लाल.

"बाई, सेमीफायनल तोंडावर आली आणि तुम्ही माझा फिदेन्सिओ घालवलात? तुम्ही आमच्या की दरीपलीकडच्या सांता प्रिस्काच्या?"

मी म्हटलं, मास्तर, तमाल घ्या नाहीतर वाट सोडा. गिऱ्हाईक खोळंबलंय.

त्याने घेतला. उसासे टाकत खाल्ला. मग आणखी एक घेतला. दुःखाने भूक मरते म्हणतात, त्याची नाही मरत.

फिदेन्सिओने काठी घरी आणली आणि उजव्या पायावर उभा राहून डाव्या पायाच्या बोटांवर तोलत बसला. दिला एक धपाटा. गावाची काठी आहे ती!

७ मे

टेलिफोनच्या खोपटात गेले, उत्तरेला फोन लावला. सातुर्निनोला म्हटलं, ये, तुझी काठी तू धर. म्हणतो, "काम सोडून कसा येऊ? करू दे पोराला. पुरुष होईल."

हा शिकवणार पुरुष कसं व्हायचं! नऊ वर्षांत दाराची कडी वाजवली नाही! मी जे सुरू झाले ते थांबेचना. शेवटी फोनवाली म्हणाली, "मावशी, त्यांनी कधीच ठेवला. तुम्ही मघापासून मलाच शिव्या घालताय."

८ मे

सराव बघितला. फिदेन्सिओच्या जागी ओबेद. धावतो तेव्हा पोट आधी पोचतं, ओबेद मागाहून येतो.

११ मे, रविवार

सेमीफायनल. आमच्याच मैदानावर, म्हणजे चावडीच्या पुढ्यातच. टीम आत, फिदेन्सिओ बाहेर. काठी धरून, टोपी घालून, खांबासारखा उभा.

पोरं बिचारी सवयीने चेंडू डावीकडे देत होती. डावीकडे कोणी नाही! चेंडू आपला गाढवासारखा एकटाच बाहेर जायचा.

एकदा उंच उडून थेट चावडीकडे आला. मी पाहत होते. पोराने काठी हलवली नाही, मानसुद्धा नाही. नुसता गुडघा उचलला – चेंडू मांजरीसारखा मांडीवर बसला. तिथून डाव्या पायावर, आणि तिथून मैदान ओलांडून नेमका ओबेदच्या डोक्यावर. ओबेदने डोळे मिटले होते. गोल!

पंच म्हणाला, तोपिलने दिलेला पास चालत नाही. सगळं गाव भांडायला उतरलं. सरपंच एकटाच ओरडत होता, "तोपिल! सरळ उभा राहा!"

तरी जिंकलो. पाहुण्यांच्या पोराने पेनल्टी देवळावर मारली. आपल्या गावदेवाची, सान मेल्कोरबाबाची कृपा. त्यांचा बाबा कमी पडला.

आता रविवारी फायनल. सांता प्रिस्कात, दरीपलीकडे.

फिदेन्सिओ जेवला नाही. म्हणाला, "मावशी, पाय नुसता वळवळतोय गं."

१३ मे

सहन होईना. चावडीत गेले. सरपंच आणि म्हातारे कॉफी पीत बसले होते.

म्हटलं, "काठी मला द्या. घर तेच आहे. पोर शाळेतलं आहे, त्याला सोडा."

तिबुर्सिओ हसला. "बाईच्या हातात काठी? कधी झालंय का, एर्मेलिंदा?"

"बाईच्या पाठीवर लाकडाचा भारा चालतो. त्यातली एक हातात घेतली तर बाटते काय?"

"दारुडा उचलता येईल तुला?"

"तुझ्या धाकट्या भावाला बाजाराच्या दिवशी घरी कोण ओढून नेतं? मीच ना?"

म्हातारे कॉफी सांडेपर्यंत हसले. सगळ्यात म्हाताऱ्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "काठी घराला दिली आहे, मिशीला नाही. घेऊ दे."

घेतली! वाटली होती त्याहून जड आहे.

१४ मे

"मावशी, लोक हसतील गं."

"हसू दे. तू गोल मार."

दुपारी भोंग्यावर पुकारा – उत्तरेहून फोन, एर्मेलिंदा! सातुर्निनो. तिकडे आपल्या गावची जी माणसं आहेत ती त्याला हसतायत म्हणे. मेहुणी तुझी काठी धरते! "माझी अब्रू गेली, एर्मे!"

मी म्हटलं, तुझी अब्रू नऊ वर्षं इथे ओसरीवरच पडली होती. कोणी उचलली नाही.

या वेळी फोन मी ठेवला.

१८ मे, रविवार

सगळं गाव ट्रकात चढून फायनलला गेलं. मी, एक कुत्रं आणि चावडी मागे.

दरीपलीकडून फटाके ऐकू येत होते. पण कोणाचे? त्यांचे की आपले? प्रत्येक बाराला मी आधी उडी मारायची आणि मग डोकं धरायचं. कुत्रं दोन्ही वेळा भुंकलं.

ट्रक आला तो मुका. हरलो. तीनला दोन. दोन्ही गोल फिदेन्सिओचे – दुसरा म्हणे अर्ध्या मैदानावरून, त्यांच्या पाद्र्यानेही टाळ्या वाजवल्या. पण पोर काही रडलं नाही. चिखलाने माखलेलं, आणि हसू कानापर्यंत! "मावशी, पुढच्या वर्षी बघ. ओबेदला डोळे उघडे ठेवायला शिकवतो."

ओदिलोन मास्तर मात्र मेस्कल दारू पिऊन देवळाच्या घंटेला ऑफसाइड म्हणजे काय ते समजावत होता. उचलला. माझा पहिला कैदी. कोठडीत गेल्या गेल्या घोरायला लागला.

२० मे

दुपारच्या बसमधून एक माणूस उतरला. मोठी हॅट, चाकांची बॅग. चाकं चिखलात रुतली, तर बॅग डोक्यावर घेऊन आमच्या दारात.

फिदेन्सिओने विचारलं, "कोण पाहिजे?"

सातुर्निनोचं तोंड उघडंच राहिलं. मला हसू आलं. मग नाही आलं.

काठी धरायला आलायस ना, म्हटलं. नाही! पोराला न्यायला आलाय. शुक्रवारची बस. "तिकडे मैदानं हिरवी आहेत, एर्मे. याचा पाय इथे चिखलात कुजतोय. आणि पोर माझ्यापाशी असलं की तू माझ्या नावाने तमाशे करणार नाहीस."

फिदेन्सिओ माझ्याकडे बघतोय. "तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणू? बाप आहे तुझा."

मागे जाऊन लाकडं फोडली. लागत नव्हती तरी फोडली.

२१ मे

टीम दारात येऊन उभी. सगळी. ओबेदने विचारलं, "मावशी, खरंच नेणार?"

मी म्हटलं, जा, सराव करा. गेली नाहीत. कुंपणावर बसून राहिली, कोंबड्यांसारखी.

आत बापलेक समोरासमोर जेवत होते. दोघांच्या माना ताटात. मक्याची भाकरी, तोर्तिया, मात्र दोघे सारखीच दुमडतात – आधी टोक, मग पोट. बापाने आणलेले नवे बूट डब्यातच. दोन मापं लहान.

पोर गेलं तर टीम रडेल, महिनाभर. मग नवा कोणी येईल. माझं काय?

२२ मे, गुरुवार

सातुर्निनोला कोठडीत टाकलं.

मी काहीच केलं नाही. सकाळी सरपंचाला फक्त विचारलं – नऊ वर्षं गावाचं काम न केलेला माणूस गावात फिरतोय, कायदा काय म्हणतो? तिबुर्सिओ म्हणाला, काठी घेऊन वर्ष पुरं करेपर्यंत तो कुठे जात नाही, पोरही नाही. काठी घ्यायला हो म्हणेपर्यंत आत घाल. मी तोपिल. हुकूम म्हणजे हुकूम. सातुर्निनो शिव्या देत गेला, पण आत गेला.

आत्ता घेवडा द्यायला गेले होते. फिदेन्सिओ गजांबाहेर मांडी घालून बसलाय. मातीत रेघा ओढून बापाला फायनलमधला सांता प्रिस्काचा तिसरा गोल कसा झाला ते दाखवतोय. बाप गजातून हात काढून म्हणतो, "नाही रे, इथे तुमचा बॅक झोपला होता." भांडतायत दोघे! मी आले गेले, कळलंसुद्धा नाही.

सरपंच म्हणतो, काठी घ्यायला तयार झालाय, सोड आता त्याला.

सोडते. घाई कोणाला आहे?