अंगणात वाचलेलं पत्र

मोहाडी,
दि. २ डिसेंबर २००१

चि. सौ. कुंता हिस सेवकरामदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. मंडयांच्या जत्रा सुरू झाल्या म्हणून दादा बहिणीला विसरला, असं तू लिहिलंस. विसरलो नाही बाई. घरी एक पाहुणा आला आहे, तो सवड देत नाही. पोळ्यानंतर बिनबोलावता आला तो अजून जायचं नाव घेत नाही. पहाटे चारला मला जागं करतो, छातीवर मांडी घालून बसतो आणि विचारतो, काय रे सेवक्या, आज कायले उठून राहिला? मी म्हणतो, मागावर बसायचं आहे, कोशाच्या रेशमाचं पातळ अर्धं राहिलं आहे. तो म्हणतो, बस मग. मी बसतो, धोटा हातात घेतो, आणि दुपारपर्यंत धोटा हातातच. इतका मान आपल्या सात पिढ्यांत कोणत्या धोट्याला मिळाला नसेल.

ताटातही तो वाटेकरी आहे. भाकर मला ठेवतो आणि चव स्वतः घेतो. परवा दुर्गा वांग्याच्या भाजीत मीठ घालायला विसरली. दामिनीनं तोंड वाकडं केलं, मी मुकाट्यानं सगळी भाजी संपवली. दुर्गेला वाटलं, नवरा सुधारला.

नाकाडोंगरीच्या मंडईत भर दुपारी आमच्या खडी गंमतीचा खेळ झाला. मी सासूचं सोंग घेतलं होतं. लोक इतके हसले की एक म्हातारा बैलगाडीवरून घसरला. आपल्या जागेश्वर शाहिराला डफ थांबवावा लागला. मी लुगडं सावरत मधोमध उभा, आणि हे लोक कशाला हसून राहिले ते मलाच समजेना. पाहुण्याला विचारलं, त्यालाही ठाऊक नव्हतं.

भंडाऱ्याला डॉक्टरकडेही जाऊन आलो. रांगेतल्या लोकांनी ओळखलं, म्हणाले, सेवकराम, एक डाव सासू होऊनच जाऊ द्या. झाली सासू. माझा नंबर लागला तोवर काय होतं ते सांगायचं राहून गेलं. डॉक्टरनं हसत हसत ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या खाऊन पाहुणा तगडा झाला आहे.

आता मुद्द्याचं. कुंता, मला आठ दिवस तुझ्याकडे येऊन राहू दे. मधुकररावांना विचार, न हसवणारा साळा चालतो का. ओसरीवर भिंतीला टेकून बसेन, बोलावलं तर जेवीन, कोणाला हसवणार नाही. फार थकलो आहे बाई. आणि हे पत्र अंगणात वाचू नये. तू एकटीनं वाचावं. खरंच सांगतो.

भाचरांना आशीर्वाद. बाकी काय लिहू.

तुझा दादा,
सेवकराम

एकोडी,
दि. ११ डिसेंबर २००१

ती. स्व. दादास कुंताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं आणि रविवारी सकाळी अंगणात त्याचं वाचन झालं. वाचायला अर्थात हेच. शाळेत पोरांना कधी इतकं रंगवून शिकवत नसतील. धानाचं चुरणं-मळणं सोडून सगळी आळी जमली होती. धोट्याच्या मानपानावर जो हशा झाला, त्यानं झाडावरचे बगळे उडाले. अंगणात वाचू नये ही ओळ तर यांनी सगळ्यात मोठ्यानं वाचली. मागच्या खेपेला तू, पत्र वाचून गिळून टाकावे, असं लिहिलं होतंस ना? ते आठवून शेजारच्या मंगलाबाईंना ठसकाच लागला. तुझ्या थापा म्हणजे एकीहून एक सरस.

तुझ्या अर्जावर निकाल असा: न हसवणारा साळा एकोडीच्या हद्दीत घ्यायचा नाही. तसा आलाच तर साकोलीच्या बसस्टँडवरून परत पाठवायचा. ठराव यांनी मांडला, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. पाहुण्याला मात्र जरूर घेऊन ये, त्याला पाहायची सगळ्यांना हौस आहे.

थट्टा राहू दे. संक्रांतीला खरंच ये. आत्ता घरात धानाच्या पोत्यांमुळे पाय ठेवायला जागा नाही. वहिनीला नमस्कार, दामिनीला गोड पापा. असाच हसवत राहा, एवढंच तुझ्या बहिणीचं मागणं.

तुझी,
कुंता

मोहाडी,
दि. १० मार्च २००२

सौ. कुंताताईंस दुर्गाचा नमस्कार. वि. वि.

ह्यांच्या तेरवीनंतर तुम्ही गेलात, तेव्हापासून पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. माणसांची ये-जा अजून आहे. बसायला आलेला माणूस आधी डोळे पुसतो, मग त्याला ह्यांचं एखादं सोंग आठवतं आणि हसू फुटतं. तुमसरच्या एकानं तर ह्यांच्या फोटोपुढे सासूची चाल चालून दाखवली. लोकांचा जीव होता ह्यांच्यावर, खोटं नाही. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले.

गावाला छातीचा झटका सांगितलं आहे. त्यांनी स्वतःच जीव दिला हे तुम्ही दोघं, मी, जागेश्वर आणि दामिनी, एवढ्यांनाच ठाऊक आहे. एकोणीस वर्षं मी या माणसाबरोबर राहिले. माग बंद पडलेला रोज पाहत होते. मी काय म्हणत होते, तर सोंगं मंडईत करा, घरी मागावर बसा. हे माझे शब्द आहेत आणि ते मला मरेपर्यंत ऐकू येणार आहेत.

पण हे पत्र दामिनीसाठी आहे. चौदा वर्षांची पोर शाळेत जात नाही, चतकोर भाकरीवर दिवस काढते. एकच विचारते, बाबा कोणालेच काही बोलले नाई का? कोणालाच बोलले नसतील तर कोणाला काही करता आलं नसतं, एवढ्यावर तिचा जीव अडला आहे. नाही बोलले, असं मी शंभरदा सांगितलं. माझ्यावर तिचा भरवसा नाही, आत्यावर आहे. म्हणून, दादा मला काही बोलला नव्हता, अशी एक ओळ तुमच्या अक्षरात लिहून पाठवा. मी ती तिच्या हातात देईन. तेवढ्यानं पोर उठून जेवली तर बघायचं.

मधुकररावांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
दुर्गा

एकोडी,
दि. २४ मार्च २००२

ती. स्व. वहिनीस कुंताचा शि. सा. न. वि. वि.

ती ओळ लिहायला मी चार वेळा बसले. तुला खोटं लिहवत नाही. सोबत दादाचं डिसेंबरातलं पत्र आहे. ते आधी वाच, मग हे पुढचं.

वहिनी, दादानं मला सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. आम्ही ते अंगणात वाचलं आणि पोट दुखेपर्यंत हसलो. त्याला इथं येऊन नुसतं बसायचं होतं, तर आम्ही हात वर करून त्याला येऊ द्यायचं नाही असा ठराव केला, आणि तो मी माझ्या हातानं त्याला लिहून कळवला. वर लिहिलं की असाच हसवत राहा. खरंच सांगतो असं त्यानं लिहिलं होतं, पण तसं तो प्रत्येक थापेनंतर लिहायचा. ते पत्र मी एकटीनं पहिल्यांदा वाचलं ते तो गेल्यावर. एकटीनं वाचलं तेव्हा त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. आमचे हे तर आता शाळेतही धडा पोरांकडून वाचून घेतात, स्वतः वाचत नाहीत.

मी त्याला मारलं, असं मला वाटतं. तू नाही म्हणावंस म्हणून लिहीत नाही. तुझ्यापासून लपवून तुझ्या घरी जेवता येणार नाही म्हणून लिहिते.

दामिनीसाठी तुला हवी ती ओळ वेगळ्या कागदावर लिहून खाली सही केली आहे. खोट्याचं पाप माझ्या माथी राहू दे. तिला फक्त तोच कागद दे. दादाचं पत्र तिच्या दृष्टीस पडू देऊ नकोस.

लोभ मागायचं तोंड उरलेलं नाही.

कुंता

मोहाडी,
दि. ९ एप्रिल २००२

सौ. कुंताताईंस दुर्गाचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पाकीट आलं तेव्हा मी बाजारात गेले होते. पोस्टमननं ते दामिनीच्या हाती दिलं. मी परतले तर ती पायरीवर बसून हसत होती. तीन महिन्यांनी पोर हसली, म्हणून मला आधी आनंदच झाला. हातात ह्यांचं पत्र होतं. मला जवळ बसवून ती मोठ्यानं वाचू लागली, बाबांच्याच आवाजात, बाबांसारखे हात करून. धोट्याचं वाचलं, मिठाचं वाचलं, पाहुणा गोळ्या खाऊन तगडा झाला तिथं ती लोटपोट झाली. आणि कुंताताई, मीही हसले. भाजीत मीठ विसरणारी मीच, तरी हसले. शेवटचं मागणंही तिनं हसतच वाचून टाकलं.

मग तिनं तुमचं पत्र उघडलं. ते मनात वाचलं. तुमच्या सहीचा कागदही वाचला. सगळ्यांच्या नीट घड्या केल्या आणि म्हणाली, आई, मी बी हासली ना. मी म्हटलं, अगं, आपण काय, आता गेल्यावर वाचलं. त्यावर ती म्हणाली, आत्याले तं ठाऊक नोतं, मले तं ठाऊक होतं. तो सहीचा कागद मी चुलीत घातला.

नागपूरला मनाचे डॉक्टर असतात म्हणून जागेश्वर आम्हाला घेऊन गेला होता. दामिनी दारापर्यंत आली आणि मागे फिरली. पुन्हा नेईन. नेऊन काय होईल ते माहीत नाही.

तुम्हाला दोष देत नाही. ते पत्र आम्ही दोघींनी, ते गेलेले माहीत असताना, हसून वाचलं, तर दोष कोणत्या तोंडानं देऊ? पण माफ केलं असंही लिहवत नाही.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. माझा तुमच्यावर आहे, तो जायचा नाही. पण यापुढे पत्र पाठवू नका. पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की दामिनी दोन्ही कानांवर हात ठेवून आत जाऊन बसते.

तुमची,
दुर्गा